आकडा कोणत्या गावचा?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गरोदर माता, बाळंतपणे आणि लहान मुलांची वाढ यांविषयीची सरकारी आकडेवारी सामान्य माणसाने कोठे शोधावी आणि सापडल्यावर ती कशी वाचावी, असे विचारणारी चार पत्रे या खेपेस कोकणातून आली आहेत. चारही पत्रांची नाळ एकच असल्याने त्यांना एकत्र उत्तर देत आहे. मी स्वतः अनेक वर्षे आरोग्य विभागात सांख्यिकीचे काम केले आहे, त्यामुळे उत्तरांत थोडा अनुभवही आला आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची मी सदस्य आहे. गावातील किती गरोदर स्त्रियांची वेळेवर तपासणी होते आणि किती बाळे जन्मतः कमी वजनाची असतात, हे मला समितीपुढे मांडायचे आहे. इंटरनेटवर जिल्ह्याचे आकडे मिळतात, गावाचे मिळत नाहीत. तालुक्याचा एक तक्ता मिळाला, पण त्यात नोंद झालेल्या गरोदर मातांपेक्षा प्रसूतींची संख्याच अधिक दिसली. असे कसे होऊ शकते?
— एक वाचक भगिनी, कुडाळ तालुका

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचा उलगडा झाला की बाकीची वाट सोपी होते. आपण पाहिलेला तक्ता बहुधा ‘एचएमआयएस’चा, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचा असावा. २००८ साली सुरू झालेल्या या प्रणालीत उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची प्रत्येक संस्था दरमहा आपला अहवाल भरते. गरोदर माता किती नोंदल्या, त्यांपैकी पहिल्या तीन महिन्यांत किती, चार किंवा अधिक तपासण्या किती जणींच्या झाल्या, हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली किती जणींचे आले आणि ७ च्या खाली किती जणींचे, प्रसूती किती, सिझेरियन किती, अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळे किती, असे रकाने त्यात असतात. या अहवालांत मोजली जाते ती संस्थेने दिलेली सेवा. बाई कोणत्या गावची, हे त्या बेरजेत उरत नाही. नोंद जेथे झाली तेथे नोंद मोजली जाते आणि प्रसूती जेथे झाली तेथे प्रसूती. ज्या तालुक्यात बाळंतपणाची मोठी रुग्णालये आहेत तेथे आजूबाजूच्या तालुक्यांतील बायका येतात, म्हणून तेथे नोंदींपेक्षा प्रसूती जास्त दिसतात आणि शेजारच्या तालुक्यात त्या तितक्याच कमी दिसतात. तक्ता चुकलेला नसतो, तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

कोकणात या गुंत्याला आणखी पीळ बसतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे. त्यातच घरातला कर्ता पुरुष मुंबईला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया होत्या, आणि दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली होती. या दोन ओळींतून जे स्थलांतर दिसते, तेच गरोदरपणाच्या नोंदींतही दिसते. सासर मालवण तालुक्यात, नवऱ्याची खोली मुंबईच्या उपनगरात आणि माहेर देवगडला, अशा बाईची पहिली तपासणी मुंबईत, धनुर्वाताची लस सासरच्या उपकेंद्रात आणि बाळंतपण देवगडात असे तीन ठिकाणी होऊ शकते. सावंतवाडी आणि दोडामार्ग बाजूच्या अवघड केसेस तर गोव्यातील बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातात. तेथे झालेली प्रसूती गोव्याच्या आकड्यांत मिळते आणि सिंधुदुर्गाच्या आकड्यांतून गळते.

एका उपकेंद्रातील गरोदर मातांची नोंदवही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. जाड पुठ्ठ्याची, आडवी, पावसाळ्याच्या दमट हवेने कडा फुगलेली. नाव, वाडी, शेवटची पाळी, तपासण्यांच्या तारखा, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन असे रकाने ओलांडून गेले की शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना होता. त्यात आरोग्य सेविकेने लाल शाईने ‘मुंबईस’, ‘माहेरी, देवगड’, ‘बांबोळी’ असे लिहिले होते आणि काही ओळींवर मागाहून पेन्सिलीने ‘आली, मुलगी, २.३’ अशी भर घातली होती. त्या गावातील मातांचे खरे चित्र या पेन्सिलीच्या अक्षरांत होते, आणि मासिक अहवालाच्या नमुन्यात शेऱ्याला जागाच नव्हती. दोन गावांच्या नोंदवह्या शेजारी ठेवून बेरीज करताना एका वर्षी मी स्वतः काही माता दोनदा मोजल्या होत्या, एकदा सासरच्या वहीतून आणि एकदा माहेरच्या. ती चूक एका सेविकेने माझ्या लक्षात आणून दिली, तेव्हापासून आकडा हाती घेताना तो कोणत्या गावचा हे मी आधी विचारतो.

आता आपल्या गावाविषयी. ग्रामपंचायतीची जन्म नोंदवही या कामाला पुरणार नाही. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची नोंद तो जेथे झाला त्या हद्दीतील निबंधकाकडे होते. गावात बाळंतपणे जवळजवळ होतच नाहीत, म्हणून ग्रामपंचायतीच्या वहीत आपल्या गावची बाळे फार थोडी सापडतील. त्याऐवजी दोन ठिकाणी जावे. पहिले ठिकाण म्हणजे उपकेंद्राची वर सांगितलेली नोंदवही, जिच्यात गावात राहणाऱ्या आणि माहेरपणाला आलेल्या अशा दोन्ही स्त्रिया असतात. दुसरे ठिकाण आशाताईंचे. बाळ घरी आल्यावर आशा ठरलेल्या दिवशी भेट देतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी असतात, आणि घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. या भेटींच्या अर्जात बाळाचे वजन लिहिलेले असते. बाळ बांबोळीला जन्मले असो वा कणकवलीला, गावात परत आले की ते या कागदावर येते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे, आणि माझ्या मते गाव पातळीवर याहून चांगली नोंद दुसरी नाही.

समितीच्या बैठकीला आरोग्य सेविका आणि आशा दोघीही येतात. त्यांच्याकडून नावे न घेता केवळ संख्या मागाव्यात आणि मार्च अखेरचे पूर्ण वर्ष धरावे, कारण आरोग्य विभागाचे वर्ष एप्रिलला सुरू होते. स्त्रियांचे तीन गट वेगळे ठेवावेत : गावच्या आणि येथेच शेवटपर्यंत तपासणी झालेल्या, गावच्या पण बाळंतपणासाठी बाहेर गेलेल्या, आणि माहेर म्हणून येथे आलेल्या. गावाचा विचार करताना पहिले दोन गट धरावेत, तिसरा गट उपकेंद्राच्या कामाचा भार सांगतो. मांडताना टक्केवारी टाळावी. गावात वर्षाला अकरा बाळे जन्मली आणि त्यांतील दोन अडीच किलोच्या आत होती, तर ‘अकरापैकी दोन’ असेच म्हणावे. ‘अठरा टक्के’ म्हटले की ऐकणाऱ्याला गावात शेकडो बाळे असल्याचा भास होतो, आणि पुढच्या वर्षी आणखी एकच बाळ कमी वजनाचे झाले की टक्केवारी सत्तावीसवर उडी घेते.

जिल्ह्याच्या पातळीवर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा माहितीपत्रके जरूर पाहावीत. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत ही पाहणी होते आणि २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून ती जिल्ह्यांचे आकडे देते. येथे घरोघरी जाऊन बाईलाच विचारले जाते, त्यामुळे बाळंतपण कोठे झाले याने फरक पडत नाही. एचएमआयएसची जी उणीव आहे ती येथे भरून निघते. मात्र सिंधुदुर्गासारख्या कमी जन्म असलेल्या जिल्ह्यात नमुन्यात मुलेच थोडी येतात. म्हणून काही आकडे कंसात छापलेले असतात, तर काहींच्या जागी नुसती चांदणी असते. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ जणांवर आधारलेला आहे, आणि चांदणी म्हणजे २५ पेक्षाही कमी जण सापडले, म्हणून आकडा दिलेला नाही. कंसातला आकडा मथळ्यात वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : महाराष्ट्राचा माता मृत्यूदर ३३ आहे असे वाचले. रत्नागिरी जिल्ह्याचा किती, हे मी महिनाभर शोधते आहे. एका ठिकाणी बालमृत्यूदर १६ दिला आहे आणि दुसरीकडे २३. माहिती दडवली जाते का?
— एक तरुण पत्रकार, गुहागर

उत्तर : जिल्ह्याचा माता मृत्यूदर आपल्याला सापडत नाही, कारण तो विश्वासाने काढता येत नाही. आपण वाचलेला ३३ हा आकडा नमुना नोंदणी योजनेचा, ‘एसआरएस’चा आहे. भारताच्या महानिबंधक कार्यालयाची ही योजना १९६९-७० पासून देशभर चालते. निवडलेल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो, दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक स्वतंत्रपणे तीच माहिती घरोघरी गोळा करतो, मग दोन्ही याद्या जुळवतात आणि न जुळलेल्या नोंदी पुन्हा गावात जाऊन तपासतात. पद्धत भक्कम आहे, परंतु नमुना राज्याच्या अंदाजापुरताच घेतलेला असतो. माता मृत्यू इतके विरळ असतात की राज्याचा अंदाज काढायलाही तीन वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ मातांचा मृत्यू झाला, असे त्या पत्रकात आहे. त्या आधीच्या २०१७-१९ च्या पत्रकात महाराष्ट्राचा आकडा ३८ होता. या अंदाजांची खालची आणि वरची मर्यादाही पत्रकात छापलेली असते. बातमी लिहिताना तीही द्यावी, ही विनंती.

जिल्ह्याचे गणित करून पाहू. समजा, एका जिल्ह्यात वर्षाला ८,००० बाळे जन्मतात. तेथे वर्षभरात दोन माता दगावल्या तर लाखामागे २५, आणि पुढच्या वर्षी तीन दगावल्या तर ३७.५. कोणी लिहील की जिल्हा राज्यापेक्षा चांगला होता तो वर्षात राज्याच्या मागे पडला, माता मृत्यू दीडपट झाले. प्रत्यक्षात एक बाई जास्त गेली. ती एक बाई जाणे ही अतिशय गंभीर गोष्ट आहे, आणि तिचा विचार ती का गेली या अंगानेच व्हायला हवा. दराच्या चढउतारात ती हरवते. जाता जाता, वर्तमानपत्रे ज्याला ‘माता मृत्यूदर’ म्हणतात ते खरे पाहता गुणोत्तर आहे. दर हा शब्द एसआरएस पत्रकात १५ ते ४९ वयाच्या लाख स्त्रियांमागील मृत्यूंसाठी वेगळा वापरला जातो आणि तो आकडा बराच लहान असतो. दोहोंची गल्लत झालेली बातमी मी एकाहून अधिक वेळा वाचली आहे.

म्हणून जिल्ह्यात दर शोधू नये, संख्या आणि कारणे शोधावीत. गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी निगडित कारणाने झालेल्या प्रत्येक मृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत देशात २०१० पासून लागू आहे आणि २०१७ मध्ये तिची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे आली. रुग्णालयात मृत्यू झाला तर तेथील तपासणी होते, शिवाय घरी जाऊन नातेवाइकांशी बोलून घटनाक्रम लिहिला जातो. जिल्हा पातळीवर समिती त्याचा आढावा घेते आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढेही तो जातो. त्या कागदांत तीन प्रकारच्या विलंबांची चौकशी असते : दवाखान्यात जायचे हे घरात ठरायला लागलेला वेळ, पोहोचायला लागलेला वेळ, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ. सड्यावरची वाडी, खाली खाडी, रात्री बंद असलेली होडी, पावसात खचलेला घाट हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दुसऱ्या विलंबाचे महत्त्व सांगायला नको. जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयाकडे गेल्या पाच वर्षांतील माता मृत्यूंची संख्या, वैद्यकीय कारणांप्रमाणे विभागणी (रक्तस्राव, उच्च रक्तदाब व झटके, जंतुसंसर्ग, तीव्र रक्तक्षय) आणि विलंबाप्रमाणे विभागणी मागावी. विचारताना ‘जिल्ह्यातील रहिवासी माता’ असे शब्द अवश्य घालावेत. रत्नागिरीची बाई कोल्हापूरला किंवा मुंबईला नेल्यावर दगावली, तर मृत्यूची नोंद तेथे होते. ती मोजणीतून सुटू नये म्हणून हे दोन शब्द आवश्यक आहेत.

बालमृत्यूच्या दोन आकड्यांमागे दडवादडवी नाही. १६ हा एसआरएसचा २०२० सालचा महाराष्ट्राचा अर्भक मृत्यूदर (दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावलेली बाळे) आहे. २३.२ हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला आहे. तो पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांतील जन्मांवरून, आईला विचारून काढलेला आहे, आणि महाराष्ट्रात ही फेरी जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झाली होती. म्हणजे काळही वेगळा आणि पद्धतही वेगळी. काळानुसार झालेला बदल पाहायचा असेल तर एकाच मालिकेतील आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. एका मालिकेचा जुना आकडा आणि दुसरीचा नवा घेऊन ‘घट’ किंवा ‘वाढ’ दाखवू नये.

प्रश्न : मी आमच्या पाड्यावरच्या शाळेत शिक्षक आहे. अंगणवाडीच्या अहवालात तीव्र कुपोषित मुले दोन-तीन असतात, पण सरकारी पाहणी म्हणते की राज्यातील दर तिसरे मूल खुजे आहे. यातले खरे काय मानायचे? शिवाय पालघर जिल्ह्याचा २०१५-१६ चा आकडा मला कोठेच मिळाला नाही.
— एक वाचक, मोखाडा तालुका

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण कुपोषण हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या मोजमापांसाठी वापरला जातो. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर मूल खुजे. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर ते रोडावलेले, आणि हेच वजन फार कमी असेल तर आपण ज्याला ‘सॅम’ म्हणतो ते तीव्र कुपोषित मूल. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर ते कमी वजनाचे. पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी, २५.६ टक्के रोडावलेली आणि ३६.१ टक्के कमी वजनाची होती. चौथ्या फेरीत हेच आकडे ३४.४, २५.६ आणि ३६.० होते. म्हणजे मधल्या चार वर्षांत राज्यात दवाखान्यातील प्रसूती ९०.३ टक्क्यांवरून ९४.७ टक्क्यांवर गेल्या, पण मुलांच्या वाढीचा आकडा मात्र जागचा हलला नाही. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते, आणि हे सगळे उघड कागदांत छापलेले असूनही त्यावर पुरेसे बोलले जात नाही.

आपण अंगणवाडीचा जो आकडा पाहता तो या तिन्हींपैकी फक्त तीव्र कुपोषित गटाचा आहे, म्हणून तो लहान असणारच. खुजेपणाशी त्याची तुलना करू नये. अंगणवाडीचे मासिक वजन आता पोषण ट्रॅकरवर चढते. केंद्र सरकारने २०२१ च्या मार्चमध्ये सुरू केलेल्या या प्रणालीचा फलक सर्वांसाठी खुला आहे. तो वाचताना छेद पाहावा : गावात मुले किती, अंगणवाडीत नोंदलेली किती आणि त्या महिन्यात प्रत्यक्ष मोजलेली किती. आपल्या भागात दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर वसई-भिवंडीकडे जातात. सर्वांत गरीब घरांतली मुलेच त्या काळात मोजणीबाहेर पडतात आणि कागदावर कुपोषण उतरल्यासारखे दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर ती परत येतात आणि आकडा चढतो. म्हणून यंदाच्या जानेवारीची तुलना यंदाच्या जुलैशी न करता गेल्या जानेवारीशी करावी.

मोजण्याची रीतही एकदा स्वतः पाहून घ्यावी. श्रावणातल्या एका दुपारी मी एका पाड्यावरच्या अंगणवाडीत बसलो होतो. वाशाला अडकवलेल्या काट्याच्या झोळीत मूल रडत, पाय झाडत होते, काटा दोन खुणांच्या मध्ये थरथरत होता आणि सेविका तो स्थिर होईपर्यंत शांतपणे थांबून राहिली होती. वजन तिने नीट घेतले. उंची घेताना मात्र फळीवर मुलाचे गुडघे सरळ धरायला दुसरे माणूस नव्हते. एकट्या सेविकेने घेतलेल्या उंचीत एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने मूल एका गटातून दुसऱ्या गटात जाते. उंची कमी भरली तर रोडावलेले मूल ठीक दिसते. आपण शिक्षक आहात. मोजणीच्या दिवशी तासभर जाऊन गुडघे धरायला बसलात, तर आपल्या पाड्याचा आकडा त्याच दिवसापासून अधिक खरा होईल. दंडाचा घेर मोजण्याची पट्टी हा वेगळा, सोपा उपाय आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला तर मूल तीव्र कुपोषित धरून लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

पालघरचा २०१५-१६ चा आकडा नाही, कारण ती फेरी २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्यांप्रमाणे झाली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला असला तरी त्या फेरीत तो ठाण्यातच धरलेला आहे. पाचव्या फेरीत तो प्रथम वेगळा आला. यातून दोन गोष्टी निघतात. पालघरची मागच्या फेरीशी तुलना करता येत नाही. आणि ठाणे जिल्ह्याची दोन फेऱ्यांतील तुलनाही करू नये, कारण जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे आदिवासी तालुके वगळल्यावर ठाण्याचे आकडे मुलांची स्थिती तीळभरही न बदलता बदलू शकतात.

प्रश्न : माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर गरोदर मातांची यादी मिळेल का? अर्ज कोणाकडे करावा? आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातून उत्तर आले, पण त्यात जिल्हा रुग्णालयाची माहिती नाही.
— एक वाचक, देवगड

उत्तर : नावांची यादी मिळणार नाही आणि ती मागूही नये. मातांची नावनिशीवार नोंद आर.सी.एच. (प्रजनन व बाल आरोग्य) या सरकारी पोर्टलवर असते. ती सेवा देणाऱ्यांसाठी आहे. कोणाला दिवस राहिले, कोणाचा गर्भपात झाला, कोणाचा रक्तगट कोणता, ही बाईची खाजगी बाब आहे, आणि गावात अशी यादी फिरली तर पुढच्या वेळी बायका नोंद करायलाच कचरतील. आपल्या स्वतःच्या घरातील मातेची माहिती हवी असेल तर माता-बाल संरक्षण कार्डावरचा आर.सी.एच. क्रमांक घेऊन उपकेंद्रात जावे.

संख्या मात्र हक्काने मागता येतात. जिल्हा रुग्णालयाची माहिती आली नाही याचे कारण आरोग्याच्या दोन वेगळ्या साखळ्या आहेत. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतात, तर ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाला विचारले की अर्धेच उत्तर येते, म्हणून दोन स्वतंत्र अर्ज करावेत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे तो योग्य ठिकाणी पाच दिवसांत पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो १५० शब्दांत मावावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, प्रतींसाठी पानाला दोन रुपये धरावेत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

मजकूर नेमका असला की उत्तरही नेमके येते. उदाहरणार्थ असे लिहावे : ‘आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक उपकेंद्राची १ एप्रिल ते ३१ मार्च या मागील तीन वर्षांची पुढील संख्यात्मक माहिती, नावे वगळून, द्यावी : नोंद झालेल्या गरोदर माता, त्यांपैकी पहिल्या तीन महिन्यांत नोंद झालेल्या, चार किंवा अधिक तपासण्या पूर्ण झालेल्या, रहिवासी मातांच्या प्रसूती ठिकाणनिहाय (कार्यक्षेत्रात, जिल्ह्यात इतरत्र, जिल्ह्याबाहेर), अडीच किलोपेक्षा कमी वजनाची अर्भके. सोबत मासिक अहवालांच्या छायाप्रती द्याव्यात.’ ‘गरोदर मातांविषयीची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले तर कार्यालयालाही काय द्यावे ते कळत नाही आणि आपल्याला उत्तरादाखल गठ्ठा तरी येतो किंवा नकार तरी.

अर्ज करण्याआधी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे आपल्या जिल्ह्याचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ पाहून घ्यावे. ते मराठीत असते आणि संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळते. दवाखाने आणि खाटा यांची तालुकावार माहिती त्यात तयार मिळते, त्यासाठी अर्ज खर्ची घालू नये. छापील प्रत पाहायची असल्यास जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जावे. सिंधुदुर्गाच्या वाचकांना त्यासाठी ओरोसला जावे लागेल. जिल्हा परिषद आणि जिल्हा रुग्णालय दोन्ही तेथेच असल्याने दोन्ही अर्ज एकाच फेरीत देता येतील. पोचपावतीवर तारखेचा शिक्का मात्र घेतल्याशिवाय निघू नये, कारण तीस दिवसांची मोजणी आणि पुढे लागल्यास पहिले अपील त्याच तारखेवर अवलंबून असते.